न्यूटची टाकी: आधी थंडावा, मग काच

न्यूट (सरड्यासारखा दिसणारा, शेपटीचा, पाण्यात राहणारा छोटा उभयचर) पाळायचं ठरलं की पहिली खरेदी टाकीची नको, थर्मामीटरची करा. टाकी जिथे ठेवणार त्या जागी बादलीभर पाणी भरून ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा आणि निदान दोन आठवडे रोज दोनदा, पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, आकडा लिहून ठेवा. वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांत ही नोंद केलीत तरच ती कामाची. दुपारचा आकडा २० अंशांच्या आत राहिला तर निम्मं काम झालं. २३-२४ पर्यंत गेला तर पंखा लागेल. २६च्या पुढे गेला तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा कायम थंड राहणारी खोली असल्याशिवाय न्यूट आणू नयेत. इथे तडजोड चालत नाही.

न्यूटच्या शरीराचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान. पाणी तापलं की त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो. १८ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २८ अंशांना आठच्याही आत. त्याच उकाड्यात बुरशी आणि जिवाणू फोफावतात, न्यूटची प्रतिकारशक्ती ढासळते, भूक जाते. उन्हाळ्यात ‘अचानक’ मेलेला न्यूट बहुधा आठवडाभर आधीपासून जेवत नसतो, कोणाच्या लक्षात आलेलं नसतं इतकंच.

ज्यांनी आधी मासे पाळलेत त्यांना जास्त सांभाळावं लागतं. त्यांचा हात सवयीने हीटर, लख्ख दिवा, जोरकस फिल्टर आणि उंच टाकीकडे जातो. न्यूटला यातलं काहीच नको असतं.

कोणता न्यूट आणि किती

चिनी फायर-बेली न्यूट, म्हणजे सायनॉप्स ओरिएंटालिस, ६ ते १० सेंमीचा, गुळगुळीत काळसर पाठीचा आणि नारिंगी पोटाचा. जपानी फायर-बेली त्याहून थोडा मोठा, ९ ते १२ सेंमी. कातडी खरबरीत, डोक्यामागे दोन्ही बाजूंना विषग्रंथींचे फुगवटे. स्पॅनिश रिब्ड न्यूट २० सेंमी सहज ओलांडतो. कणखर, अधाशी आणि इतरांपेक्षा थोडा जास्त उकाडा सोसणारा. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने पैदास केंद्रात जन्मलेला रिब्ड किंवा जपानी न्यूट घ्यावा. चिनी फायर-बेली सगळीकडे दिसतो खरा, पण विकले जाणारे बरेचसे रानातून पकडलेले, प्रवासात गांजलेले आणि जंत घेऊन आलेले असतात.

‘मोठा फायर-बेली’ म्हणून जो चपट्या, वल्ह्यासारख्या शेपटीचा प्राणी पुढे केला जातो, तो बऱ्याचदा पॅडल-टेल निघतो. तो वाहत्या ओहोळातला, भांडखोर, सोबत्याचे पाय चावणारा. त्याला एकटं ठेवावं लागतं आणि पाण्याला थोडी ओढही लागते. खाली दिलेली टाकी त्याच्यासाठी नाही.

वयही विचारा. फायर-बेलीची पिल्लं कल्ले गळून पडल्यावर एक ते तीन वर्षं ओल्या जमिनीवर काढतात. चार सेंमीचं असं पिल्लू २० सेंमी खोल पाण्यात सोडलं तर ते बुडून मरू शकतं. पाण्यातली टाकी प्रौढांसाठीच. रिब्ड न्यूटची पिल्लं मात्र पाण्यातच राहतात.

न्यूटसोबत मासे, कासव, बेडूक किंवा दुसऱ्या जातीचा न्यूट ठेवू नका. मासे न्यूटची त्वचा आणि बोटं कुरतडतात, किंवा न्यूट मासा गिळतो. आणि फायर-बेलीच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, तेव्हा त्याला गिळणाऱ्याचंही खरं नाही. माणसाने न्यूट हाताळल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत, डोळे चोळू नयेत. टाकीत हात घालण्याआधी मात्र नुसत्या पाण्याने धुवावेत, कारण न्यूटची त्वचा साबण, क्रीम, अत्तर, सगळं शोषून घेते.

टाकी आणि तिचं ओझं

न्यूट तळावर चालणारा प्राणी. त्याला उंची नको, तळ हवा. दोन-तीन फायर-बेलींसाठी ६० बाय ३० सेंमी तळाची आणि ३० ते ३६ सेंमी उंचीची टाकी पुरते. रिब्ड न्यूटच्या जोडीला ९० बाय ४० सेंमी तळ घ्या. पाण्याची खोली २० ते २५ सेंमी ठेवा आणि वर किमान ८ ते १० सेंमी कोरडी काच राहू द्या.

हिशेब ६० बाय ३० च्या टाकीचा करू. २२ सेंमी पाणी म्हणजे सुमारे ४० लिटर. त्यात काच, वाळू, लाकूड मिळवलं की एकूण वजन ६० किलोच्या आसपास जातं. तेव्हा पोकळ फळीच्या टेबलावर किंवा पुस्तकांच्या कपाटावर ही टाकी नको. पक्का, सपाट स्टँड घ्या, दोन्ही दिशांनी लेव्हल तपासा, टाकीखाली फोमचा पातळ पत्रा घाला. खिडकीजवळची, स्वयंपाकघराला लागून असलेली किंवा फ्रिजच्या मागच्या बाजूची जागा टाळा. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, म्हणून बुटका स्टँड बरा.

सजवण्याआधी टाकी काठोकाठ भरून चोवीस तास कोरड्या कागदावर ठेवा. कागदावर ओलीचा डाग उमटला तर तेव्हाच परत करता येते. धुताना साबण वापरू नका.

झाकण

ओल्या काचेवर न्यूट कसा चढतो ते एकदा बघण्यासारखं आहे. तो आधी कोपऱ्यात जातो, जिथे दोन काचा सिलिकॉनने जोडलेल्या असतात. ओलं पोट काचेला चिकटवतो, पुढचे दोन्ही पाय पसरतो आणि शेपटीने खालून रेटा देत बोट-बोटभर वर सरकतो. मध्येच घसरतो, पुन्हा लागतो. हे तो मध्यरात्री करतो, आणि एअर पंपाच्या नळीशेजारी सुटलेली एक सेंमीची फट त्याला भरपूर होते.

म्हणून झाकण बारीक जाळीचं, चारही बाजूंनी घट्ट बसणारं आणि क्लिपने अडकणारं हवं. जाळी नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची, भोक दोन-तीन मिलिमीटरचं. जस्ताचा मुलामा दिलेली साधी जाळी वापरू नका. तिच्यावर जमलेले थेंब जस्त घेऊन पाण्यात पडतात आणि न्यूटला ते घातक असतं. तांब्याचंही तसंच. अख्ख्या काचेचं झाकण पळणं थांबवतं, पण वाफ कोंडून पाणी तापवतं. नळ्या आणि वायर जिथून जातात तिथे स्पंजचे तुकडे दाबून बसवा आणि दर आठवड्याला ते जागेवर आहेत का पाहा.

पाणी गार ठेवायचं कसं

लक्ष्य १६ ते २० अंश. रिब्डला २२ पर्यंत चालतं. आधी उष्णतेचे स्रोत काढा: पाण्यात बुडणारी मोटर पाणी तापवते, झाकणाला चिकटलेला दिवाही तापवतो. हवेवर चालणारा स्पंज फिल्टर निवडण्याचं एक मोठं कारण हेच, की त्याची मोटर पाण्याबाहेर राहते.

दोन-तीन अंश उतरवायचे असतील तर पंखा पुरतो. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा, ८ ते १२ सेंमीचा पंखा जाळीच्या झाकणावर असा बसवा की वारा पाण्यावरून तिरका जाईल; सरळ खाली मारलेला वारा कमी काम करतो. अर्धा लिटर पाणी वाफ होऊन जातं तेव्हा ते अर्धा लिटर बर्फाच्या सुमारे सहापट उष्णता घेऊन जातं, त्यामुळे या साध्या पंख्याला कमी लेखू नका. कोरड्या हवेत तो दोन ते चार अंश खाली आणतो. दमट हवेत वाफच होत नाही, तिथे एखादा अंश मिळाला तरी खूप. पंखा थर्मोस्टॅटवर लावा, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तो आपोआप चालू-बंद होईल.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. रोज अर्धा-एक लिटर उडून जातं, पण त्यातले क्षार मागेच राहतात. दर वेळी नळाच्या पाण्याने भर घातली तर महिन्याभरात पाणी जड होतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने घाला. पाणी बदलताना मात्र नेहमीचं, क्लोरीन काढलेलं पाणी घ्या. अख्खी टाकी आरओच्या पाण्याने भरणं ही उलटी चूक. क्षारच नसलेल्या पाण्यात न्यूटच्या शरीरातलं मीठ-पाण्याचं गणित बिघडतं.

गोठवलेल्या बाटल्यांचा उपाय सगळ्यांना सुचतो. ४० लिटरच्या टाकीत अर्ध्या लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळली तरी जेमतेम एक अंश उतरतो, आणि तीन तासांनी पुन्हा चढतो. दिवसभर अशा बाटल्या बदलत राहिलात तर न्यूटला थंडावा कमी आणि हेलकावे जास्त मिळतात. वीज गेली किंवा पंखा बंद पडला तर त्या वेळेपुरत्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये तयार असाव्यात, एवढंच.

बादलीतलं पाणी २६च्या वर जात असेल तर चिलर. तो टाकीतली उष्णता खोलीत टाकतो, म्हणून बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. चिलरच्या मोटरचा प्रवाह न्यूटला जड जातो. परतीच्या नळीला भोकांची आडवी पट्टी लावून तिचं तोंड मागच्या काचेकडे करा.

तळ

वाळू बारीक घ्या, दाणा एक मिलिमीटरच्या आत. किंवा न्यूटच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे. या दोन्हींच्या मधली रंगीबेरंगी खडी, जी माशांच्या टाकीत सर्रास असते, ती नको. न्यूट भक्ष्यावर झडप घालतो तेव्हा तोंडात येईल ते ओढून घेतो. पाच मिलिमीटरचा खडा आत जातो, बाहेर येत नाही, आणि पोट फुगून प्राणी मरतो. बारीक वाळू गिळली तरी विष्ठेवाटे पडून जाते.

६० बाय ३० च्या तळावर अडीच सेंमीचा थर देण्यासाठी साडेचार लिटर, म्हणजे सुमारे सात किलो वाळू लागते. थोडी थोडी बादलीत घेऊन, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आठ-दहा पाणी सहज लागतात. थर याहून जाड करू नका, खाली सडून वायू साचतो. दगड वाळूवर न ठेवता आधी काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू घाला, नाहीतर न्यूट खालून उकरेल आणि दगड त्याच्यावर बसेल. दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा, पाणी जड करणारा; बाजूला ठेवा.

फिल्टर, दिवा, झाडं, बेट

६० लिटरपर्यंतचा स्पंज फिल्टर आणि लहान एअर पंप. बुडबुडे इतकेच की पाण्याचा पृष्ठभाग हलका थरथरेल. तरंगणारं पान टाकीभर गरगर फिरत असेल तर प्रवाह जास्त आहे. नळीवरचा कॉक आवळा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत एकेरी झडप बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी उलटं नळीतून उतरून पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या, कारण हवा थांबली की स्पंजमधले उपयोगी जिवाणू काही तासांत मरायला लागतात. दुसरा कुठला फिल्टर वापरणार असाल तर त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज चढवा, पाय अडकतात.

दिवा मंद एलईडी, दिवसाला सहा ते आठ तास, तोही झाडांसाठी. न्यूटला अंधूक आवडतं.

झाडं मात्र हात सैल सोडून लावा. जावा मॉस, जावा फर्न, अन्युबियास, एलोडिया, हॉर्नवर्ट, ही सगळी थंड पाण्यात आणि कमी उजेडात टिकतात. जावा फर्न आणि अन्युबियासचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. ते दोऱ्याने लाकडाला बांधा. एलोडियाचा झुबका न्यूटला अंथरूण, शिडी आणि आडोसा असं सगळंच होतो. नवं झाड थेट टाकीत नको. दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, रोज पाणी बदला; शेतीची औषधं उतरतात आणि जळवा असल्या तर दिसतात. लाकूड आठवडाभर भिजवा. पाण्याला चहाचा रंग आला तर घाबरू नका, त्याने काही बिघडत नाही.

लपायला प्रत्येक न्यूटमागे किमान एक जागा हवी: उलटं केलेलं मातीचं भांडं, आडवा पाइपचा तुकडा, सपाट दगडांची कपार. आणि पाण्याबाहेर यायला एक बेट. तरंगणारी कॉर्कची साल, किंवा सक्शन कपने काचेला चिकटणारी कासवांची फळी चालते. बेटाची कड पाण्यात बुडलेली असली पाहिजे, म्हणजे चढता येईल. निरोगी प्रौढ न्यूट तिथे फारसा जात नाही. तरी बेट ठेवायचं, कारण तो तिथे जाऊन बसला तर ती तुम्हाला मिळालेली पहिली सूचना असते.

पाणी पिकवणं

टाकी सजली म्हणजे तयार झाली, या गैरसमजाने जितके न्यूट मरतात तितके बहुधा फक्त उकाड्यानेच मरत असतील. न्यूटच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो त्वचा जाळतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. ती वस्ती न्यूट येण्याआधी व्हायला हवी.

थेंबांचा टेस्ट किट घ्या; कागदी पट्ट्या अंदाज सांगतात, आकडा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, काही ठिकाणी क्लोरामाइन. क्लोरीन पाणी उघडं ठेवून उडून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. म्हणून प्रत्येक वेळी डीक्लोरिनेटर घालाच, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत.

आता टाकीत पाव ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड विरघळवा. ४० लिटर पाण्यात त्याने अमोनियाचा आकडा २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) जवळ जातो. फरशी पुसायचा सुवासिक अमोनिया वापरू नका, त्यात साबण असतो. आणि अमोनियाच्या कुठल्याही बाटलीशेजारी ब्लीच ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू सुटतो.

या जिवाणूंना ऊब आवडते, आणि टाकीत अजून न्यूट नाही. तेव्हा हीटर वापरायची हीच एक वेळ: पाणी २५-२६ अंशांवर ठेवा. एक दिवसाआड मोजा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा पाव ग्रॅम द्या. मग नायट्राइट बरेच दिवस हटत नाही. इथे लोकांचा धीर सुटतो. हटत नाही म्हणजे बिघडलं असं नव्हे, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू हळू वाढतात. पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा) तेवढा तपासा. तो ६ च्या जवळ घसरला असेल तर जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, आणि थोडं पाणी बदललं की पुन्हा सुरू होतं.

२ पीपीएम अमोनिया दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की हीटर काढा, पाणी १८ अंशांवर आणा आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. बहुतेक लेखांत ही पायरी नसते. गारव्यात जिवाणू मंदावतात, आणि २६ अंशांना पास झालेली टाकी १८ ला नापास होऊ शकते. आठवडाभर त्याच तापमानाला अर्धी मात्रा देत राहा. शेवटी ७०-८० टक्के पाणी बदला, कारण एवढ्या दिवसांत नायट्रेट बरंच साचलेलं असतं. १ पीपीएम अमोनियातून साधारण साडेतीन पीपीएम नायट्रेट बनतं.

न्यूट येतात तेव्हा पाणी असं असावं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत, पीएच साडेसहा ते पावणेआठ.

विलगीकरण

एखादाच न्यूट असला तरी त्याला सहा आठवडे वेगळं ठेवा. दहा लिटरचा, झाकणाला बारीक भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, पाच-सहा सेंमी पाणी, एक प्लास्टिकचं झाड, तरंगणारा स्पंजचा तुकडा. वाळू नाही, फिल्टर नाही. रोज सगळं पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. हा डबा दिसायला केविलवाणा असतो, पण विष्ठा, गळालेली त्वचा, न खाल्लेला तुकडा, सगळं उघड दिसतं.

कारण आहे कायट्रिड बुरशी. तिच्या दोन जाती उभयचरांना मारतात. त्यातली बीसॅल ही न्यूट आणि त्यांचे भाऊबंद सॅलॅमँडर यांच्यावर उठलेली. तिचं शास्त्रीय वर्णन २०१३ साली झालं, नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिने जवळपास संपवल्यानंतर. काही आशियाई न्यूट स्वतः आजारी न दिसता ती वाहून नेऊ शकतात. २०१६ साली अमेरिकेने सॅलॅमँडरच्या २० प्रजातींमधल्या २०१ जातींच्या आयातीवर निर्बंध घातले ते याच भीतीने. तुमच्याकडे कोणते नियम आहेत ते न्यूट घेण्याआधीच पाहा. त्वचेवर बारीक काळे व्रण, वारंवार कात टाकणं, सुस्ती दिसली तर उभयचरांचं जाणणाऱ्या पशुवैद्याकडून त्वचेच्या नमुन्याची तपासणी करून घ्या.

विलगीकरणाची जाळी, चिमटा, बादली वेगळी. ती धुवायला एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. मग भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा. डब्यातलं किंवा टाकीतलं पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा बागेत ओतू नका. बंद गटारात जाऊ द्या, विलगीकरणातलं तर आधी ब्लीच घालून.

सोडणं आणि खाऊ घालणं

सहा आठवडे नीट खाल्लं, वजन धरलं, तर डबा टाकीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी डब्यात घाला आणि डबा तिरका करा. त्याचं तो बाहेर जाईल. हाताने उचलून टाकू नका. पहिले दोन-तीन दिवस तो लपून राहील.

मुख्य अन्न गांडूळ. फायर-बेलीसाठी एक-दीड सेंमीचे तुकडे, रिब्डसाठी अख्खं लहान गांडूळ. खताच्या पेटीतली लाल गांडुळं चिमटलं की पिवळसर कडू द्रव सोडतात. न्यूट तोंडात घेतो आणि थुंकून देतो. बागेतली साधी गांडुळं घ्या, पण जिथे फवारणी होत नाही तिथली. जोडीला गोठवलेले ब्लडवर्म, डॅफ्निया, ब्लॅकवर्म असे पाण्यातले बारीक जीव. मटण, चिकन नको. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा, डोक्याच्या आकाराइतकं अन्न.

बोथट प्लास्टिकच्या चिमट्यात तुकडा धरून न्यूटच्या नाकासमोर दोन सेंमीवर हळू हलवा. तो आधी थबकतो, मान किंचित वाकडी करून पाहतो, पुढचा एक पाय अधांतरी राहतो. आणि मग झडप. दोन न्यूट असतील तर त्यांना टाकीच्या दोन टोकांना खाऊ घाला. वास सुटला की ते जे हलेल त्याला चावतात, सोबत्याच्या पायालाही. तुटलेला पाय न्यूट पुन्हा वाढवतो हे खरं असलं तरी जखमेवर बुरशी आधी पोचते. उरलेलं अन्न तासाभरात काढा.

आठवड्याला सायफनने तळावरची घाण ओढत ८ ते १० लिटर पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान एक-दोन अंशांपेक्षा जास्त वेगळं नको. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतलात तर सहा आठवड्यांची वस्ती अर्ध्या मिनिटात जाते.

बिघडलं तर

न्यूट दिवसभर बेटावर बसून आहे: आधी तापमान, मग अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आकडे बरोबर असतील तर प्रवाह जास्त आहे का आणि सोबती त्रास देतोय का ते पाहा. नव्याने आलेला, गांजलेला चिनी फायर-बेली मात्र काही आठवडे बाहेरच राहू शकतो; त्याला ढकलून पाण्यात घालू नका.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसला: लगेच निम्मं पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद, रोज मोजा. कारण बहुधा तीनांतलं एक असतं: कपारीत कुजत पडलेलं गांडूळ, धुऊन काढलेला स्पंज, किंवा गर्दी.

पाणी दुधाळ: नव्या टाकीत जिवाणूंचा लोट येतो, आठवड्यात निवळतो. जुन्या टाकीत आला तर काहीतरी सडतंय.

अंगावर पांढरा पापुद्रा: तो तोंडापासून सुटत मागे सरकत असेल तर न्यूट कात टाकतोय. ओठाच्या कडेने त्वचा सुटते, मोज्यासारखी पायांतून निघते, आणि शेवटी तो शेपटीकडे वळून ती ओढून खाऊन टाकतो. कधी न खाल्लेली अख्खी कात पाण्यात तरंगताना दिसली की नवखा माणूस दचकतो. कापसासारखा पुंजका एकाच जागी चिकटून असेल तर ती बुरशी. न्यूटला थंड, स्वच्छ, उथळ पाण्याच्या डब्यात घ्या, रोज पाणी बदला आणि पशुवैद्याला दाखवा. माशांची तांब्याची, मॅलॅकाइट ग्रीनची किंवा फॉर्मेलिनची औषधं टाकीत ओतू नका. न्यूटच्या त्वचेतून ती माशापेक्षा जास्त आत जातात.

पोट फुगलंय, खात नाही, वर तरंगतोय: खडा गिळला असेल किंवा आत संसर्ग असेल. वाट पाहू नका.

एलोडियाची पानं दुमडून चिकटलेली दिसली तर हा बिघाड नाही. मादी मागच्या पायांनी पान धरते, त्यात एकच अंडं ठेवते आणि पान मिटेपर्यंत दाबून धरते, मग पुढचं पान. अंडी वाढवायची असतील तर ती डहाळी वेगळ्या डब्यात हलवा, मोठे न्यूट ती खातात.

आणि मोजताना एक न्यूट कमी भरला तर आधी स्पंजखाली आणि भांड्यात पाहा, मग झाकण, मग टॉर्च घेऊन टाकीच्या दहा फुटांच्या परिघात फर्निचरखाली, भिंतीच्या कडेने, ओल असेल तिथे. धुळीत गुंडाळलेला, काटकीसारखा वाळलेला सापडला तरी लगेच फेकू नका. एक सेंमी थंड, क्लोरीन काढलेल्या पाण्यात, डोकं पाण्याबाहेर राहील असा ओल्या कापडावर ठेवा आणि काही तास अंधारात सोडा. घशाखालची कातडी हलताना दिसली तर तो वाचण्याची शक्यता आहे. मग त्याला आठवडाभर विलगीकरणाच्या डब्यातच राहू द्या आणि तोवर झाकणातली फट शोधा.